परतीच्या वाऱ्यावर जोखलेली बोट

गेल्या रविवारी गेटवेसमोर मुरिंगला (पाण्यातल्या नांगरलेल्या बोयाला) बांधलेली, विकायला काढलेली एक अडतीस फुटी शिडाची बोट पाहायला आम्ही तिघे मित्र गेलो होतो. बोट साधारण वीस वर्षांची आहे, मालक सज्जन आहेत, आणि जाहिरातीतला मजकूर नेहमीचाच होता: खोल समुद्रातील सफरींसाठी सज्ज, दहा जणांच्या झोपण्याची सोय. दहा जण आम्हाला न्यायचे नाहीत. आम्हाला तिघांनाच येत्या डिसेंबरात मुंबईहून लक्षद्वीपमधल्या कवरत्तीला जायचे आहे आणि, हे जाहिरातीत कोणीच लिहीत नाही, तिथून परत यायचे आहे.

कवरत्ती मुंबईच्या जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला, सुमारे ५०० सागरी मैलांवर आहे. ताशी पाच मैलांच्या सरासरीने शंभर तास, म्हणजे चार दिवसांहून थोडे अधिक लागतात. हिवाळ्यात जाताना वारा बहुधा पाठीशी किंवा बगलेला असतो आणि अशा वाऱ्यात जवळजवळ कोणतीही बोट जाते. चहाचे कपसुद्धा ओट्यावर जागच्या जागी राहतात. येताना तोच वारा वायव्य आणि ईशान्य यांच्या मधोमध कुठेतरी, म्हणजे तोंडावर येतो. सहलीची बोट वाऱ्याच्या पंचेचाळीस अंशांहून फार जवळ जाऊ शकत नसल्याने नागमोडी जावे लागते, ५०० मैलांचे ७०० होतात, आणि त्यातला तास न् तास बोट एकाच कुशीवर कललेली, आखूड लाटांवर आपटत जात असते. त्यामुळे मी बोट पाहताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारतो: परतीच्या सहाव्या रात्री तू काय करशील?

लांबीचा प्रश्न आमच्या मनात नव्हता. भारतीय लष्कराच्या अभियंता दलाची ‘तृष्णा’ ३७ फुटांची होती आणि १९८५ ते १९८७ या काळात ती पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईत परतली. तशीच प्रदक्षिणा केलेली नौदलाची ‘म्हादेई’ ५६ फुटी होती हे खरे, पण तेवढी बोट पोसण्याची आमची ऐपत नाही. या बोटीची पाण्याच्या रेषेवरची लांबी ३० फूट, रुंदी १२ फूट आणि वजन १६,००० पौंड, म्हणजे सुमारे सव्वासात टन आहे. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीतील वादळात पंधरा स्पर्धक मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर उलटण्याचा धोका चाचपण्यासाठी एक सोपे सूत्र रूढ झाले: पौंडांतील वजनाला ६४ ने भागावे, त्याचे घनमूळ काढावे आणि फुटांतील रुंदीला त्याने भागावे, उत्तर दोनच्या आत असावे. येथे २५० चे घनमूळ ६.३ आणि उत्तर १.९ येते. मालकांनी हा आकडा मोठ्या समाधानाने सांगितला. अडचण अशी की वजन नेमके कुठे आहे हे या सूत्राला कळतच नाही; तेच शिसे कीलच्या, म्हणजे तळाखालच्या जड पात्याच्या, टोकाला असो वा डोलकाठीच्या शेंड्याला, उत्तर तेवढेच येते. आणि या बोटीच्या काठीवर रडार बसवलेले आहे, शिवाय मोठे शीड काठीच्या पोटात गुंडाळण्याची यंत्रणा आहे. दोन्ही सोयीच्या गोष्टी, पण दोन्हींचे वजन वरच जाते. कॉकपिटजवळच्या पट्टीवर ‘अ’ श्रेणीचा युरोपीय शिक्का होता, म्हणजे ब्युफर्ट मापनातील आठच्या वरचा वारा आणि चार मीटरहून उंच लाटा गृहीत धरलेल्या. तो शिक्का बोट कारखान्यातून निघाली त्या दिवसाचा आहे. रडार नंतर आले. किती अंश कललेली बोट आपणहून सरळ होते, त्याचा आलेख आम्ही मागितला आहे.

शिडांचे क्षेत्रफळ ६४० चौरस फूट आहे, त्याला वरच्या ६.३ च्या वर्गाने भागले की वजनाशी त्याचे गुणोत्तर सोळाच्या आसपास येते. सहलीच्या बोटीसाठी हे मध्यम आहे आणि मला ते पटले. खोल समुद्र म्हटला की आपल्याकडे लोक फक्त वादळाचा विचार करतात. डिसेंबरातल्या अरबी समुद्रात बरेचदा ताशी दहा मैलांचा वाराही मिळत नाही, आणि अशा वेळी जड, आखूड शिडांची ‘भक्कम’ बोट डिझेलवर येते. टाकी १५० लिटरची आहे. ताशी तीन लिटर धरले तर पन्नास तास, म्हणजे ताशी पाच मैलांनी जेमतेम अर्धी वाट.

खरा वेळ गेला तो चेनप्लेटवर. काठीला दोन्ही बाजूंनी तोलून धरणाऱ्या तारा या स्टेनलेसच्या पट्ट्यांना अडकवलेल्या असतात आणि पट्ट्या डेकमधून खाली उतरून आतल्या लाकडी आडभिंतीला बोल्टने बसवलेल्या असतात. तारा सात वर्षांपूर्वी बदलल्याची पावती मालकांनी दाखवली. पट्ट्यांबद्दल विचारले तर म्हणाले, “अहो, त्या मूळच्याच आहेत, एकदम चकचकीत आहेत बघा.” वर त्या चकचकीतच होत्या. माझ्या मित्राने कपाटातले सामान बाजूला केले आणि टॉर्च मारला, तेव्हा डाव्या बाजूच्या मधल्या पट्टीखाली आडभिंतीच्या व्हिनियरवर एक तपकिरी ओघळ दिसला, करंगळीएवढा रुंद, खाली येता येता निमुळता झालेला. तिथे नख रुतले. स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्यावर हवेतल्या प्राणवायूने धरलेल्या पातळ थरामुळे. डेकच्या भोकात सीलंटखाली खारे पाणी साचून राहिले की तिथे प्राणवायू पोहोचत नाही, थर पुन्हा धरत नाही, आणि पट्टी नेमकी न दिसणाऱ्या जागी आतून खाल्ली जाते. परतीच्या वाटेवर ताण येतो तो वाऱ्याकडच्या पट्ट्यांवर. त्यातली एक तुटली तर काठी राहत नाही. प्लॅस्टिकच्या हातोडीने आजूबाजूचे डेक ठोकून पाहिले. टणक ‘टक्’ऐवजी सुमारे वीतभर भागात बद्द आवाज आला, म्हणजे आतल्या बाल्सा लाकडात पाणी शिरले आहे. मित्राने पेन्सिलीने त्या भागाभोवती रेघ ओढली, ती मालकांना आवडली नाही.

सुकाणू सुटे, पुढे आधार नसलेले आहे. आपल्या किनाऱ्यावर रात्री जाळी चुकवत जाणाऱ्यासाठी मला ते पसंत नाही, पण या वयाच्या आणि किमतीच्या बोटींत तेच मिळते. बेअरिंग मात्र घट्ट होते.

केबिनमध्ये दहा जण झोपतील हे खरे आहे, बोट मुरिंगला असेपर्यंत. मागच्या खोलीतला दुहेरी पलंग कललेल्या बोटीत घसरगुंडी होतो. आम्हाला हवे होते ते मधल्या सोफ्यांवर कापडी आडोसा लावून झोपता येतील असे दोन अरुंद बिछाने, आणि ते आहेत. जिना आणि टेबल यांच्यामध्ये हाताला धरायला मात्र काही नाही. लाकडी कठडे बसवता येतील. इंजिनाला एकच डिझेल फिल्टर पाहून मला तीन वर्षांपूर्वीची रत्नागिरीबाहेरची पहाट आठवली. टाकीतला गाळ लाटांनी ढवळून निघाला होता आणि मी डिझेलच्या वासात, ओकाऱ्या आवरत, चाळीस मिनिटे फिल्टर बदलत होतो. दोन फिल्टर आणि मध्ये एक झडप, एवढे झाल्याशिवाय मी कोणत्याही बोटीवरून बंदराबाहेर जाणार नाही.

राहिली कील. २०१४ मध्ये ‘चीकी रफिकी’ नावाची चाळीस फुटी बोट अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली आणि तिच्यावरचे चौघेही गेले. त्याआधी ती अनेकदा तळाला टेकली होती. मुंबई बंदरात गाळात टेकणे कोणाला चुकले आहे? म्हणून आम्ही मालकांपुढे दोन अटी ठेवल्या: ती डावी पट्टी काढून दाखवावी, आणि येत्या अमावास्येच्या उधाणात बोट धक्क्याला टेकवून ओहोटीला कोरडी करू द्यावी. दुसरी त्यांनी लगेच मान्य केली. पहिलीवर “पट्टी काढली आणि परत नीट बसली नाही तर?” असे त्यांनी विचारले. बसवण्याचा खर्च आमचा, असे आम्ही लिहून दिले. अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास, तेव्हा बोट आत घ्यायची. संध्याकाळी सहाच्या ओहोटीला कीलचा सांधा उघडा पडेल. टॉर्च, हातोडी आणि पेन्सिल बॅगेतच आहेत.