कधीच न हरणारा रोबोट

चलनबाजारात आपोआप सौदे करणाऱ्या रोबोटबद्दल, म्हणजे तशा प्रोग्रॅमबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न नेहमीचाच आहे, फक्त विचारणारे बदलतात: "इतके दिवस रोबोट तपासत बसता, मग हरल्यावर लॉट (सौद्याचा आकार) दुप्पट करणारा एखादा लावून मोकळे का होत नाही? बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या भावांवरच्या चाचणीत, तर तो हरतच नाही." सोबत बहुतेक वेळा आलेखाचं चित्र येतं. निळी रेघ, पट्टी लावून ओढल्यासारखी वर गेलेली.

मला त्या सरळपणाचीच धास्ती वाटते. मेटाट्रेडर ४ हे सौदे करायचं सॉफ्टवेअर. त्याच्या टेस्टरमध्ये निळी रेघ बॅलन्सची असते, हिरवी इक्विटीची, म्हणजे उघड्या सौद्यांचा नफा-तोटाही धरून. बॅलन्समध्ये फक्त बंद झालेले सौदे धरतात आणि मार्टिंगेल, म्हणजे हा दुप्पट करणारा रोबोट, तोट्यातला सौदा बंदच करत नाही, खाली दुपटीनं घेत सुटतो. म्हणून निळी रेघ देखणी. हिरवी बघा, ती मधेच विहिरीत उतरलेली असते. पाठवणारे नेमकी तीच कापून पाठवतात.

कागदावर मांडून बघू. युरो-डॉलर, खात्यात हजार डॉलर, पहिली खरेदी ०.०१ लॉटची (एक लॉट म्हणजे एक लाख युरो), आणि भाव दर २० पिप पडला की दुप्पट (एक पिप म्हणजे भावात ०.०००१ चा फरक). आठव्या खरेदीला तुम्ही १.२८ लॉट घेता, हातात एकूण २.५५. भाव पहिल्या खरेदीपासून १६० पिप खाली आला की तोटा होतो साधारण १००४ डॉलर. संपलं. मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी अडकून पडणारी अनामत, यात धरलेलंच नाही. ते धरलं तर ब्रोकर बराच आधी सौदे कापतो. आणि न उसळता १६० पिप पडणं ही या जोडीला काही शतकातून एकदा येणारी गोष्ट नाही.

"पण असं क्वचित होतं ना?" हो, क्वचितच. नाणं उडवून दामदुप्पट खेळा, सलग दहा हारांनंतर थांबा. सरासरी १०२४ फेऱ्यांपैकी १०२३ फेऱ्यांत एक-एक एकक मिळतं आणि उरलेल्या एका फेरीत १०२३ जातात. बेरीज शून्य. बाजारात स्प्रेड (खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक) आणि स्वॅप (सौदा रात्रभर ठेवल्याचं व्याज) त्यावर वेगळे, म्हणजे शून्याच्याही खाली.

म्हणून असा रोबोट हातात आला की मी आधी सुरुवातीची तारीख बदलतो. सेटिंग तेच, पैसे तेच, चाचणी फक्त महिनाभर पुढून सुरू करायची. मग पुढच्या महिन्यापासून, मग त्याच्या पुढच्या. वर्षभर नफा साठल्यावर मोठी घसरण आली तर खातं जेमतेम तगतं. तीच घसरण तिसऱ्या आठवड्यात आली तर खातं उरत नाही. ऑप्टिमायझर, म्हणजे जुन्या भावांवर सर्वांत फायद्याचं सेटिंग शोधणारं साधन, तर याहून लबाड. तो दोन खरेद्यांमधलं असं अंतर शोधून देतो, की इतिहासातली सर्वांत वाईट घसरण चार पिपांनी हुकते. आपण त्याला 'उत्तम सेटिंग' म्हणतो.

इतिहास किती घ्यायचा, हाही घोळच. स्विस नॅशनल बँकेनं ६ सप्टेंबर २०११ ला युरोचा भाव १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही असं जाहीर केलं. पुढची तीन वर्षं १.२० जवळ घेत राहणारा कुठलाही रोबोट हुशार ठरला असता. १५ जानेवारी २०१५ ला बँकेनं हात काढून घेतला आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. स्टॉप-लॉस (ठरलेल्या भावाला सौदा बंद करायची सूचना) लावलेल्यांचे सौदेही फार खाली सुटले, कित्येकांची खाती उणे झाली. मेटाट्रेडर ४ चा टेस्टर अख्ख्या चाचणीला एकच स्प्रेड धरतो. असा दिवस त्याला कसा दिसणार?

आणि हे सगळं माहीत असूनही मी तो लावला होता. डेमोवर, हजार डॉलर, लिव्हरेज ५००, म्हणजे मार्जिनच्या पाचशेपट सौदा. एका रात्री सातवी खरेदी लागली. खोटे पैसे, तरी तीनदा उठून स्क्रीन बघितली. पहाटे भाव उसळला, सगळे सौदे नफ्यात बंद. मी तिथेच बिघडलो. वाटलं, एवढं सोसलं, आता सुरुवात ०.०२ नं करू. पुढच्या घसरणीत सहा खरेद्या लागल्या, सातवी लागेना. मी जर्नल, म्हणजे सॉफ्टवेअरची नोंदवही, उघडलं. एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती: 'नॉट इनफ मनी'.