काकांची वही

५ एप्रिल, रात्री

आज सकाळी काकांचा फोन येणार नव्हता हे माहीत असूनही कान तिकडेच होते. दरवर्षी या दिवशी आम्हा पुतण्या-भाच्यांना एकच प्रश्न: "५ एप्रिल १९१९ ला काय झालं?" उत्तर सगळ्यांना पाठ. 'एसएस लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. बोट ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेली, म्हणून जहाज कंपनीचं नाव सिंदिया. ती उभी करणाऱ्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद. मराठी माणसाला वालचंद म्हटलं की साखर कारखाना आठवतो नाहीतर सांगलीचं इंजिनीयरिंग कॉलेज, बोटी कुणाला आठवत नाहीत, याचा काकांना भारी राग. (पहिली नोकरी सिंदियातच, त्यामुळे थोडा घरचा अभिमानही.)

वाईचा मुलगा. कृष्णेत पोहायला शिकलेला. सत्तरच्या दशकात 'राजेंद्र' या ट्रेनिंग शिपवर कॅडेट झाला. पुढे सिंदिया डबघाईला आली तसे काका परदेशी झेंड्याच्या बोटींवर गेले आणि कॅप्टन होऊन तिथेच राहिले. वादळं, सुएझ, सोमालियाचे चाचे, हे सगळं आम्ही खोदून खोदून विचारायचो. ते मात्र जेवणाबद्दल बोलायचे. कुठला कुक चांगला, कुणाची डाळ पाणचट.

आजोबा गेले तेव्हा काका अटलांटिकवर होते. रेडिओ ऑफिसरने मोर्समधून उतरवून घेतलेली तार त्यांच्या हातात दिली, आणि पुढचं बंदर आलं तोवर इकडे तेरावंही उरकलं होतं. आजी गेली २०२० मध्ये. तेव्हा तारेची गरज नव्हती, व्हॉट्सॲप होतं, आणि तरीही येता आलं नाही. बंदरं कुणाला उतरूच देत नव्हती. त्या वर्षाच्या अखेरीस जगभरात चारेक लाख खलाशी-अधिकारी करार संपूनही बोटींवर अडकून पडले होते. काकांचा चार महिन्यांचा करार दहा महिने चालला. ती त्यांची शेवटची बोट.

त्यानंतर नेरुळला घरी. संध्याकाळी पाम बीच रोडच्या बाजूला फिरायला जायचे. तिथल्या 'टीएस चाणक्य' या मर्चंट नेव्हीच्या ट्रेनिंग कॉलेजजवळच्या पाणथळीत फ्लेमिंगो उतरले की फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडते. काका चाणक्यमधून बाहेर पडणाऱ्या कॅडेट पोरांचे बूट बघायचे. पॉलिश नसेल तर थांबवून सांगायचे. पोरंही बिचारी "येस सर" म्हणायची. रात्री मात्र झोप नाही. बोटीवर इंजिनाचा आवाज बदलला की कॅप्टनला जाग येतेच. घरी फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद पडला तरी ते उठून बसायचे.

कॅन्सर कळला आणि पाच महिन्यांत संपलं. हॉस्पिटलचं लिहीत नाही. अस्थी समुद्रात नकोत, हे बजावून ठेवलं होतं. "इतकी वर्षं तिथेच तर होतो." म्हणून वाशीच्या खाडीचा विषयच निघाला नाही, वाईला नेल्या.

आज दुपारी ठाण्याहून काकूकडे गेले ते बँकेचे कागद लावायला. बोटीवरची नोकरी करारावरची, पेन्शन नाही; जे आहे ते एफडीत आणि या फ्लॅटमध्ये. कागदांच्या फाइलखाली निळ्या पुठ्ठ्याची एक वही निघाली. वर काकांच्या अक्षरात: हँडिंग ओव्हर नोट्स.

बोट सोडताना प्रत्येक अधिकारी पुढच्या माणसासाठी अशा नोट्स लिहितो. तेल किती शिल्लक, रोकड किती, कुठलं सर्टिफिकेट कधी संपतंय, बोटीच्या खोडी काय. काकांनी तशाच घराच्या लिहिल्या होत्या. मेडिक्लेमची तारीख. गॅसची नळी कधी बदलायची. सोसायटीच्या सेक्रेटरीशी वाद घालू नये, लेखी द्यावं. किल्ल्या: सात. ज्ञात दोष: गीझरचं बटण दोनदा दाबावं लागतं.

"अहो, तो गीझर बदलून सहा वर्षं झाली!" काकू फोटोकडे बघून म्हणाली.

पानं मागे उलटली तर १९९१ पासूनच्या नोट्स. दर वेळी बोटीवर निघण्याआधी एक. शेवटची फक्त आधीचीच पुन्हा उतरवलेली, तारखा बदलून. अक्षर मात्र वाकडं झालेलं.

"तू वाचायचीस?"

"मी कशाला वाचू? गॅस मी लावायचे, फी मी भरायचे, ह्यांच्या आईचं सगळं मी केलं. आणि मलाच लिहून देतायत, गॅसवाल्याचा नंबर!"

ती चिडली होती आणि हसतही होती. मला काकांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही. ज्या घराचा चार्ज त्यांच्याकडे कधी नव्हताच, तो ते तीस वर्षं इमानेइतबारे सोपवून जात होते. दर वेळी घरी आल्यावर त्यांनी कुणाकडून चार्ज घेतला? कुणाकडून नाही. चार महिने पाहुण्यासारखे राहायचे, चौथ्या महिन्यात पंखे पुसायला घ्यायचे, की कळायचं आता निघणार.

शेवटच्या पानावर खाली दोन रेघा होत्या. 'देणार'च्या रेघेवर काकांची सही. 'घेणार'ची कोरी.

"कर सही," मी म्हटलं.

"तपासल्याशिवाय सही करायची नाही, असं तेच म्हणायचे," काकू म्हणाली आणि चष्मा लावला. मग एकेक कलम घेतलं. मेडिक्लेम बरोबर. रोकड साडेतीनशेने कमी; ते दूधवाल्याला दिलेले. किल्ल्या सातच्या जागी आठ भरल्या.

"आठवी माझ्या कपाटाची," ती म्हणाली. "ती ह्यांना ठाऊकच नव्हती."