झेंड्याच्या दोरीपर्यंत पोचणारा हात

सावंतवाडीच्या बाजारात आमचं शिलाईचं दुकान वडिलांच्या वेळेपासून आहे. पुढाऱ्यांची कामं आमच्याकडे हंगामाप्रमाणे येतात. निवडणुकीआधी पांढरे झब्बे आणि सदरे, निकाल लागला की जाकिटं, आणि 15 ऑगस्ट किंवा 26 जानेवारी जवळ आली की बंद गळ्याचे कोट. कोटाला मी एखादा पंधरवडा मागून घेतो. कच्च्या शिलाईवर ट्रायल झाल्याशिवाय कोट पुरा करत नाही, मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो.

त्या वर्षी मात्र 14 ऑगस्टला दुपारी, पाऊस धो धो कोसळत असताना, जिल्ह्यातल्या एका छोट्या शहराचे नवे नगराध्यक्ष तयार कोट घेऊनच दुकानात आले. बरोबर दोन कार्यकर्ते. नगराध्यक्षांना सगळे दादा म्हणतात, मीही दादाच म्हणतो. मेव्हण्याने मुंबईहून आणलेला राखाडी टेरीवुलचा बंद गळा होता. कापड चांगलं होतं, कॉलर ताठ ठेवणारं आतलं बकरमही नीट बसलेलं.

"मास्तर, बाही लांब झाली हा. वायच कमी करून देवा. उद्या झेंडो फडकवूचो आसा."

मी कोट अंगावर घालून आरशासमोर उभं राहायला सांगितलं. हात खाली असताना कोट छानच दिसत होता. बाही तेवढी पंजावर उतरली होती. मग मी म्हटलं, "दादा, दोरी ओढताना कसो हात वर करशात, तसो करा."

त्यांनी उजवा हात वर नेला आणि अख्खा कोट त्या हाताबरोबर वर गेला. खालची कड पट्ट्याच्या वर आली, आतला शर्ट बाहेर दिसू लागला, खांद्याचं पॅड कानाला टेकलं आणि कॉलर गळ्यात रुतली. कार्यकर्ते गप्प झाले.

दोष मुंढ्याचा होता, म्हणजे बाही जिथे कोटाला जोडतात त्या बगलेच्या कापाचा. तयार कपडे शिवणारे मुंढा मुद्दाम मोठा आणि खोल ठेवतात, म्हणजे एकच माप दहा जणांच्या अंगाला चालतं. घालणाऱ्यालाही सैल वाटतं, बरं वाटतं. पण मुंढा जितका खाली उतरेल तितकी बाही कोटाच्या बाजूला जखडली जाते. हात उचलला की बाजू उचलली जाते, बाजूबरोबर पुढचा-मागचा भाग. याउलट मुंढा लहान आणि बगलेत वर बसलेला असेल तर बाही एकटीच हलते, कोट जागच्या जागी राहतो. हे गिऱ्हाइकाला पटवणं कठीण जातं, कारण लहान मुंढा पहिल्यांदा घालताना आवळल्यासारखा वाटतो.

समारंभाचे कपडे म्हटले की लोक रंग आणि कापड बघतात. मी त्या दिवशी त्या माणसाला काय काय करायचं आहे ते बघतो. झेंडावंदनाला पुढाऱ्याला वर बघत दोरी ओढायची असते, सलामी द्यायची असते, राष्ट्रगीताची 52 सेकंदं ताठ उभं राहायचं असतं, आणि मग शाळेच्या पोरांना खाऊ देताना वाकायचं असतं. यातलं एकही काम आरशासमोर हात सोडून उभं राहिल्यासारखं नाही. फोटोवाला बरोबर हात वर गेला की बटण दाबतो, आणि वर्षभर कार्यालयाच्या भिंतीवर तोच फोटो राहतो. त्या फोटोत लोकांची नजर झेंड्याकडे जायला हवी. पोटावरून वर सरकलेला कोट ती नजर खाली ओढतो.

माझा पहिला सल्ला साधा होता. कोट राहू दे, पांढरा खादीचा पूर्ण बाहीचा सदरा आणि वर बिनबाह्यांचं जाकीट घाला. जाकिटाला बाहीच नाही, त्यामुळे हात मोकळा, आणि आपल्याकडच्या ऑगस्टच्या घामटात तेच सोसवतं. माझ्याकडे त्यांच्या मापाच्या जवळचं एक जाकीट तयारही होतं. दादांनी ते हातात घेतलं, परत ठेवलं आणि म्हणाले, "माझो बापूस काजूच्या फॅक्टरीत भट्टीर होतो. जन्मात कधी त्येना कोट घालूक नाय. माका उद्या कोट घालूचो आसा."

यावर जाकिटाचा विषय मी परत काढला नाही.

नेत्याने कसे कपडे घालावेत याचा नियम आपल्याकडे कुठे लिहिलेला नाही. राज्यघटनेच्या तिसऱ्या परिशिष्टात मंत्र्यांच्या आणि आमदार-खासदारांच्या शपथेचे शब्द आहेत, अंगावर काय हवं ते नाही. म्हणून प्रत्येकाने आपापल्या कारणाने पोशाख निवडला. गांधीजींनी 1921 मध्ये मदुराईत अंगावरचे नेहमीचे कपडे सोडून पंचा घेतला, आणि 1931 मध्ये लंडनच्या राजवाड्यात बादशहासमोरही ते त्याच पंचात आणि शालीत गेले. बाबासाहेब बहुतेक सुटाबुटात राहिले. वरवर बघता ही दोन टोकं आहेत, पण दोघांनाही कपडा काय बोलतो ते पुरतं ठाऊक होतं. ज्यांच्याकडे होतं त्यांनी ते उतरवण्याला अर्थ आहे. ज्यांना ते घालूच दिलं नाही, त्यांनी ते घालण्यालाही तितकाच अर्थ आहे. आपल्या कोकणातच, महाडला, डिसेंबर 1927 च्या सत्याग्रहाच्या वेळी बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं की लुगडं नेसायची पद्धत बदला, अंगावरच्या कपड्यावरून जात ओळखू येता कामा नये. दुसऱ्या दिवशी बायका पायघोळ लुगडं नेसून आल्या. माझ्या दृष्टीने कपड्याबद्दल यापेक्षा मोठं भाषण आपल्या राज्यात झालेलं नाही. दादांना कोटच का हवा होता, हे मला त्यांनी आणखी सांगण्याची गरज नव्हती.

कोट ठेवून घेतला. मग कार्यकर्त्याने खिशातून एक पुडी काढली. त्यात चार सिंहांची पितळी बटणं आणि खिशात लावायला अशोकचक्रासकट तिरंगा छापलेला रुमाल होता. दोन्ही मी परत दिलं. राजमुद्रेचा वापर कुणी करायचा याचा 2005 चा कायदा आहे, आपण हौसेने ती कोटाच्या बटणावर मिरवू शकत नाही. राष्ट्रध्वज रुमालावर छापणं किंवा कपड्यावर भरतकामात काढणं हाही ध्वजाचा अपमान धरला जातो. उद्या जो माणूस झेंड्याला सलामी देणार, त्याच्याच खिशात घाम पुसायच्या रुमालावर झेंडा असावा, हे मला सहनच होत नाही. कार्यकर्त्याला थोडं लागलं असावं, पण दादांनी पुडी मुकाट्याने परत घ्यायला लावली. बटणं त्याच राखाडी कापडाने मढवलेली होती, तीच राहिली.

मुंढा मुळात मोठा कापलेला असेल तर तो नंतर लहान करता येत नाही, कापड आणणार कुठून? त्यावर एकच इलाज राहतो, बगलेत चौकोनी जोड घालायचा. जुन्या झब्ब्यांना असा जोड असायचाच, म्हणून त्यात शेतात कोयताही चालवता यायचा. जोडासाठी त्याच रंगाचं कापड हवं होतं आणि ते बाहीतच मिळालं. बाही कमी करायचीच होती. खालची दुमड उसवली, तर कापलेला भाग आणि आतली माया, म्हणजे शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड, मिळून दोन्ही बाह्यांतून बगलेपुरत्या पट्ट्या निघाल्या. बाहीवरची बटणं नुसती शोभेची होती, काज कापलेली नव्हती, म्हणून ती उचलून वर लावता आली. अस्तर बगलेपाशी उसवलं, जोड तिरका बसवला, कोपऱ्यांवर आधी हाताने टाके घेतले. कोपरा मशीनखाली एकदम नेला तर चुणी पडते, आणि बगलेतली चुणी माणसाला दिवसभर टोचते.

नऊच्या सुमाराला लाईट गेली. पायमशीनला त्याचं काही नाही, पण इस्त्रीचं अडलं. पावसाळ्यात लोकरीचं कापड ओल धरतं, शिवणीवर नीट दाब दिल्याशिवाय ती फुगते. बायकोने चुलीतले निखारे काढून कोळशाची जुनी इस्त्री भरून दिली. ओलं फडकं मध्ये घालून एकेक शिवण दाबली आणि कोट पंख्याविना वाळावा म्हणून स्वयंपाकघरात टांगला.

सकाळी मी स्वतः कोट घेऊन गेलो, कारण अंगावर बघितल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. नगरपरिषदेच्या आवारात छत्र्या, रेनकोटातली पोरं, बँडवाल्यांच्या ढोलावर प्लास्टिक. जिल्ह्याचा मुख्य समारंभ ओरोसला 9.05 ला असतो, त्याआधी हा उरकायचा होता. दादांचा हात वर गेला. मी डोळे कोटाच्या खालच्या कडेवर ठेवले होते. बोटभर हलली असेल, त्याहून जास्त नाही. मग वर बघितलं, झेंडा ओला झाल्याने एकदम सुटला नव्हता. त्यांना दुसऱ्यांदा, जास्त जोराने दोरी ओढावी लागली. त्याही वेळी कोट जागचा हलला नाही. दादांची आई खुर्चीवर बसून होती, ती शेवटपर्यंत मुलाच्या कोटाकडेच बघत होती.

26 जानेवारीसाठी दादा वेळेत आले, कापड खादीचं घेऊन. गळा फार आवळतो म्हणाले. अब्दुल कलामांच्या फोटोत बंद गळ्याच्या कोटाचा गळा वर थोडा उघडा दिसतो, तसा आपणही ठेवू असं ठरलं. अस्तर अर्धंच लावलं, कारण आपल्याकडे जानेवारीतही दहा वाजता ऊन चटकतं. मुंढा या वेळी मी कापला होता, चांगला वर. कच्च्या शिलाईवर घालून बघताना त्यांनी तोंड वाकडं केलं.

"मास्तर, बगलेत लागता मरे."

"लागांदे," मी म्हटलं. "आता हात वर करा."