पौर्णिमेची सुट्टी मिळाली नाही, म्हणून अष्टमीचा चंद्र

सुट्टी मला पौर्णिमेची हवी होती. दोन महिने आधी अर्ज टाकलेला, कारण "वैयक्तिक", कारण "चंद्राचे फोटो काढायचेत" असं लिहिलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको. मिळाली ती आठवडाभर आधीची, अष्टमी, नवमी, दशमी. अर्धा चंद्र. चडफडत बॅग भरली.

बॅगेत १५०-६०० एमएमची झूम लेन्स, १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्स १.४ पट लांब करणारा जोड), ट्रायपॉड, जास्तीच्या बॅटऱ्या. आणि सोबत दादा. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, त्याला फोटोग्राफीशी काही देणंघेणं नाही, तीन दिवस मनसोक्त झोपायचं एवढाच त्याचा प्लॅन, पण गाडी त्याची. ठिकाणाचं नाव मुद्दाम सांगत नाही, त्यात विशेष काही नाही, एक उघडा माळ, एक टेकडी, टेकडीवर एकटं झाड आणि राहायला एक लाकडी घर. खरं सांगायचं तर चंद्रासाठी शहराबाहेर जायची गरजच नसते. तारे दिव्यांच्या उजेडात हरवतात, चंद्र हरवत नाही, घरच्या गच्चीवरूनही तेवढाच मस्त निघतो. मला जायचं होतं ते त्या झाडासाठी, त्याचं नंतर सांगतो.

पाचच्या सुमारास पोचलो तर साहेब आधीच वर येऊन बसलेले. अष्टमीचा चंद्र साधारण दुपारी बाराला उगवतो, सूर्य मावळताना तो माथ्याच्या आसपास आणि मध्यरात्री मावळतो, म्हणजे जागरण नाही, हा एक फायदा दादाला लगेच पटला. घराच्या मागे लाकडी डेक होता, तिथे ट्रायपॉड लावला, कन्व्हर्टर जोडला, म्हणजे झाली ८४० एमएम, आणि लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवरचं थेट चित्र, दहापट मोठा करून फोकस करायला बसलो.

आणि चंद्र थरथरतोय. म्हणजे अक्षरशः मलेरिया झाल्यासारखा. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद केलं (ट्रायपॉडवर ते कधीकधी स्वतःच हलवाहलव करतं), दोन सेकंदांचा टायमर लावला, बटणाला हात लावणं बंद केलं, तरी मधूनमधून मोठा झटका. दहा मिनिटांनी लक्षात आलं की झटका येतो तेव्हा दादा फोनवर बोलत डेकवर येरझाऱ्या घालत असतो. त्याचं एकेक पाऊल चंद्रावर भूकंप करत होतं.

"दादा, जरा एका जागी उभा राहतोस का?"

"अरे मी तुझ्यापासून वीस फुटांवर आहे!"

वीस फूट काय, फळी तीच ना. चंद्र आकाशात फक्त अर्धा अंश जागा घेतो, त्यामुळे ८४० ला ट्रायपॉड केसभर हलला तरी चित्र पुसलं जातं. दादा आत जाऊन झोपला तेव्हा भूकंप थांबले, पण एक बारीक उकळी उरलीच, पाण्यातून बघितल्यासारखी कडा लवलवत होती. ती कशाची ते मला रात्री नऊला कळलं, जेव्हा मी पत्र्याला हात लावला. डेकच्या शेजारीच घराचं पत्र्याचं छप्पर, दिवसभर तापलेलं, आणि त्याची गरम हवा बरोब्बर माझ्या लेन्सच्या समोरून वर चाललेली. म्हणजे पहिल्या रात्री मी जगातला सगळ्यात वाईट कोपरा शोधून तिथे बसलो होतो.

तरीही त्या रात्रीच्या तीन-चार फ्रेम बऱ्या आल्या आणि त्यातल्या एकीने माझा पौर्णिमेचा राग घालवला. आधी मी पौर्णिमेचेच फोटो काढायचो आणि दरवेळी वाटायचं की लेन्स कमी पडतेय. लेन्स नाही, उजेड चुकीचा. पौर्णिमेला ऊन आपल्या पाठीमागून चंद्रावर पडतं, सावल्या आपल्याला दिसतच नाहीत, टायको विवराचे पांढरे पट्टे तेवढे छान दिसतात, बाकी सगळं सपाट, पासपोर्ट फोटोला तोंडावर फ्लॅश मारल्यासारखं. अर्ध्या चंद्रावर उजेड आणि अंधाराची जी सीमारेषा असते तिथे सकाळ होत असते, ऊन तिरपं, आणि मुठीएवढ्या दगडाची हातभर सावली पडावी तशा डोंगरांच्या लांबच लांब सावल्या. त्या फ्रेममध्ये चंद्रावरची अ‍ॅपेनाइन पर्वतरांग होती, साधारण ६०० किलोमीटर लांब, काही शिखरं पाच किलोमीटरच्या वर, आणि तिच्या टोकाला अंधाराच्या हद्दीत दोन-तीन सुटे पांढरे ठिपके. मला आधी वाटलं सेन्सरवर धूळ आहे. ब्लोअर मारला, ठिपके तिथेच. ती शिखरं होती, पायथ्याशी अजून रात्र आणि डोक्यावर ऊन आलेलं.

एक्स्पोजरचं थोडं सांगतो कारण पहिल्यांदा सगळे इथेच आपटतात. कॅमेरा ऑटोवर ठेवला की त्याला सगळीकडे काळं दिसतं, तो बिचारा उजेड वाढवत बसतो आणि चंद्राची पांढरी बशी होते. चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला दगड, तोही गडद, अंगावर पडलेल्या उजेडातला साधारण १२ टक्केच परत पाठवतो, जुन्या डांबरी रस्त्याइतका. म्हणून एक जुना ठोकताळा आहे, लूनी ११, पौर्णिमेला एफ ११ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) आणि शटर आयएसओच्या (सेन्सरची संवेदनशीलता) उलट, म्हणजे आयएसओ १०० ला सेकंदाचा १/१००. पण अर्धा चंद्र अर्धा उजेड देत नाही, पूर्ण चंद्राच्या दहाव्या भागाइतकाच देतो, आता क्षेत्रफळ अर्धं झालं हे धरलं तरी पृष्ठभाग निदान दोन स्टॉप अंधारा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). मी एफ ९, आयएसओ ४००, १/१६० वर स्थिरावलो. प्रसिद्ध अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला तेव्हा त्याला लाइट मीटर सापडेना, उजेड तर चाललेला, पण चंद्र किती तेजस्वी असतो तो आकडा त्याला पाठ होता, त्यावरून एक्स्पोजर काढून त्याने शटर दाबलं. आपल्याला निदान लूनी ११ तरी पाठ असावं.

दुसऱ्या रात्री शहाणा झालो. डेक नाही, छप्पर नाही, घरापासून लांब गवतात ट्रायपॉड, पाय पसरून अगदी ठेंगणा, मधला दांडा खाली, हुकाला बॅग लटकवलेली. कॅमेरा तासभर आधी बाहेर ठेवला, म्हणजे लेन्स बाहेरच्या गारव्याला आली. फोकसची रिंग अनंताच्या खुणेवर आपटून मोकळं व्हायचं असं मला वाटायचं, पण बहुतेक टेलिफोटो लेन्सची रिंग अनंताच्याही थोडी पुढे जाते, गारव्याने जागा बदलते, त्यामुळे एखाद्या विवराच्या कडेवर हाताने मागेपुढे करत करत फोकस लावायचा आणि दर अर्ध्या तासाने परत तपासायचा. ट्रायपॉडवर कॅमेरा धरणाऱ्या बॉलहेडने मात्र छळलं. लेन्स एवढी वर धरली की स्क्रू कितीही आवळा, हात सोडला की चंद्र चौकटीतून हळूच घसरतो, मग मुद्दाम थोडा वर धरून सोडायचा म्हणजे घसरून बरोबर जागेवर येतो, हा जुगाड. त्यात पृथ्वी फिरतेच आहे, चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, त्यामुळे सतत मागे धावायचं.

त्या रात्री सीमारेषा कोपर्निकस विवरावर आली होती. कोपर्निकस ९३ किलोमीटर रुंद, माझ्या सेन्सरवर जेमतेम पन्नास पिक्सेल. साडेसातला बघितलं तर विवर म्हणजे काळा डोळा, पश्चिमेकडच्या आतल्या भिंतीवर फक्त उजेडाची कोर, तळ पूर्ण अंधारात. साठ-सत्तर फोटोंचा एक बर्स्ट, म्हणजे एका दमात सलग फोटो, घेतला. मग दर अर्ध्या तासाने एकेक. मधे काही करायला नव्हतं, म्हणून गवतात पडून नुसता बघत राहिलो. चंद्राच्या विषुववृत्तावर ही सकाळ तासाला साधारण १५ किलोमीटर सरकते, आरामात सायकल चालवावी तसा वेग. साडेदहाला शेवटचा बर्स्ट घेतला आणि पहिल्या फोटोशेजारी ठेवला, तीन तासांत कोर जाड झाली होती आणि आधी जिथे काहीच नव्हतं तिथे विवराबाहेरचा उतार उजेडात येऊन खरबरीत दिसायला लागला होता. मी दादाला उठवायला गेलो. तो आला, स्क्रीनवर दोन्ही फोटो बघितले, खूप वेळ बघितले, आणि म्हणाला,

"म्हणजे तिथे आत्ता उजाडतंय?"

"हो. आत्ता."

मग गवतातच बसला. तासभर. एक पाऊल हलला नाही.

(घरी आल्यावर ते बर्स्ट ऑटोस्टॅकर्ट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून चांगल्या चांगल्या फ्रेम एकावर एक बसवल्या आणि रजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये धार काढली. एकट्या फ्रेममध्ये हवेची उकळी असतेच, पन्नास फ्रेम मिळून ती पुसतात. धार जास्त काढू नका, विवरांच्या कडांना पांढरी किनार आली की समजायचं हात आखडायची वेळ झाली.)

आता झाड. तिसऱ्या रात्री दशमीचा चंद्र दोनच्या सुमारास टेकडीमागे जाणार होता आणि मला तो झाडाएवढा हवा होता. असे फोटो बघून लोक विचारतात की चंद्र एवढा मोठा कुठे दिसला. मोठा दिसत नाही, उलट क्षितिजावर तो आपल्यापासून किंचित लांबच असतो. आपण झाडापासून लांब जायचं, एवढीच युक्ती. चंद्राचं अंतर त्याच्या रुंदीच्या ११० पट आहे, म्हणून दहा मीटर उंच झाड ११०० मीटरवरून बरोब्बर चंद्राएवढं दिसतं. दिशा आणि वेळ फोटोपिल्स या अ‍ॅपवर काढली, दुपारी जाऊन जागेवर दगडांची खूण करून आलो. कन्व्हर्टर काढून ठेवला, कारण क्षितिजाजवळचा चंद्र पिवळा आणि बराच अंधारा असतो, त्यात एक स्टॉप घालवणं परवडत नाही.

आणि दादा स्वतःहून म्हणाला, मी झाडाखाली उभा राहू का?

माणूस ११०० मीटरवरून चंद्राच्या साधारण सहाव्या भागाएवढा, म्हणजे छान दिसणार. तो टॉर्च घेऊन टेकडीवर गेला, मी दगडांपाशी. पावणेदोनला चंद्र खाली आला आणि मला दिसलं की तो झाडाच्या डावीकडे उतरतोय. चांगला दोन चंद्रांएवढा डावीकडे. या अंतरावर दहा मीटर बाजूला सरकलं की एक चंद्र सरकतो, म्हणजे मला वीस मीटर उजवीकडे जायला हवं होतं, उघड्या ट्रायपॉडसकट, खड्ड्याखड्ड्यांतून, अंधारात. पळालो. लावला. लेव्हल गेली, फोकस हलला, परत लावला. फोन वाजतोय.

"आलो का मी?"

"दादा, थोडा उजवीकडे! तुझ्या नाही, माझ्या उजवीकडे!"

"तुझं उजवं मला कसं कळणार?"

तोवर चंद्राचा खालचा भाग टेकडीत गेलेला. नऊ फोटो मिळाले. कडा उकळतायत, झाड किंचित मऊ आलंय, आणि अर्ध्याच चंद्रात झाडाचा शेंडा आहे. पण सातव्या फोटोत टेकडीच्या कडेवर एक डोकं, एक खांदा आणि वर केलेल्या हातात टॉर्च, स्वच्छ, पिवळ्या चंद्रावर काळंकुट्ट.

दादाने तो फोटो दुसऱ्याच दिवशी डीपीला लावला. स्वतःवर क्रॉप करून. चंद्र कापला.