साडेबारा तासांच्या अंतरावरचे दोन नाताळ

ऑगस्ट २०१७ च्या अखेरीस मी पुण्याहून अमेरिकेतील युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीला मिशनरी म्हणून गेले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये परतले. या अठरा महिन्यांत दोन नाताळ आले. आमच्या ख्रिस्ती मंडळीतील मुले-मुली मिशनला जाण्याचा विचार करू लागली की घरच्यांच्या मनात पहिली धास्ती बहुधा सणांची असते. ‘नाताळात लेकरू कुठे असेल, काय खाईल’ हेच आईने मलाही विचारले होते. म्हणून ते दोन नाताळ कसे पार पडले, हे जरा सविस्तर लिहीत आहे.

आमच्या मंडळीला लोक ‘मॉर्मन’ म्हणून ओळखतात. तिचे पूर्ण नाव ‘येशू ख्रिस्ताची अंतिम दिवसांच्या संतांची मंडळी’ असे आहे आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये आमचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी तेच नाव वापरावे असे आवर्जून सांगितले. मी दहा वर्षांची असताना आई-बाबांसह मी या मंडळीत आले. आज्जी मात्र अहमदनगरच्या तिच्या जुन्या चर्चमध्येच राहिली आणि आमचे जाणे तिला लागले, हेही येथे सांगायला हवे, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

मी गेले तेव्हा मिशनला मुलगे वयाच्या १८ व्या वर्षापासून दोन वर्षांसाठी आणि मुली १९ व्या वर्षापासून अठरा महिन्यांसाठी जाऊ शकत. २०१२ पूर्वी ही वये अनुक्रमे १९ आणि २१ होती. वैद्यकीय तपासण्या व मुलाखती झाल्या की अर्ज जाई आणि कुठे जायचे ते पत्राने कळे. निवड आपली नसते. मला टेंपल स्क्वेअर मिळाले. आमच्या मंडळीच्या मंदिराभोवतीच्या या आवारात तेव्हा तरुण मिशनरी केवळ मुलीच असत आणि त्या जगभरातून आलेल्या असत. नावाच्या काळ्या पाटीखाली प्रत्येकीच्या देशाचा लहानसा झेंडा असे. सकाळी साडेसहाला उठायचे, रात्री साडेदहाला दिवा मालवायचा आणि आपल्या कम्पॅनियनपासून, म्हणजे जोडीदार मिशनरीपासून, कधीही दूर जायचे नाही. पहिल्या नावाने हाक नाही. आडनावाआधी फक्त ‘सिस्टर’. घरी आठवड्यातून एकदा ईमेल करता येई. फोन मात्र तेव्हा वर्षातून दोनच वेळा होत असे, मे महिन्यातील मातृदिनाला आणि नाताळाला.

आम्ही पोहोचलो तेव्हा उन्हाळा सरलाही नव्हता, तरी कामगार शिड्यांवर चढून झाडांच्या एकेका फांदीला दिव्यांच्या माळा गुंडाळत होते. १९६५ पासून येथे नाताळाची रोषणाई होते आणि तिची तयारी काही महिने चालते. थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या दुसऱ्या दिवशी, २४ नोव्हेंबर २०१७ च्या संध्याकाळी, ती लागली. टॅबरनॅकल या सभागृहाजवळचा लेबनॉनचा देवदार अगदी बारीक डहाळ्यांपर्यंत लाल दिव्यांनी उजळून निघाला आणि हजारो माणसे एकाच वेळी स्तब्ध झाली. माझी कम्पॅनियन टोंगाची होती. तिने बर्फ पाहिला नव्हता, मीही नाही. आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिलो आणि क्षणभर कोणाशी बोलायला आलो आहोत याचाही विसर पडला.

त्यानंतरचा महिना शारीरिक कष्टांचा होता. रात्री तापमान शून्याच्या बरेच खाली जाते आणि आम्ही लांब स्कर्ट घालून फाटकाशी तासन्‌तास उभ्या असायचो. शहर डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात असल्याने हिवाळ्यात थंड हवा खाली कोंडते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर तेथेच साचून राहतो. अशा दिवसांत घसा सतत खवखवे. जाणाऱ्या मुलींनी लोकरी मोज्यांचे दोन थर, आतून घालायचे उबदार कपडे आणि जाड तळव्याचे बूट यांवर खर्च करताना हात आखडू नये. थंडी डोक्यापेक्षा आधी पावलांतून चढते.

त्या वर्षी शेजारच्या जोसेफ स्मिथ मेमोरियल इमारतीत एक लाल यंत्र ठेवले होते. शीतपेयांच्या यंत्रासारखेच ते दिसे, पण पैसे भरल्यावर त्यातून आपल्यासाठी काहीच मिळत नसे. कोणा गरजू कुटुंबाला कोंबड्या, शेळी, लस किंवा जेवण जात असे. लहान मुले खिशातील पैसे मोजून ‘शेळीला किती कमी पडतात’ असे आईला विचारत. तेथील कामाची पाळी संपूच नये असे वाटायचे.

एवढे सगळे असूनही पहिला नाताळ मला जड गेला आणि त्याचे कारण मी स्वतः ओढवून घेतले होते. घराची आठवण म्हणजे कामातील अडथळा, अशी समजूत करून घेऊन मी ती दाबत राहिले. ईमेलमध्ये ‘सर्व ठीक’ एवढेच लिहायचे. घरी आई आणि मावश्या करंज्या करत असतील, दारात चांदणीचा आकाशकंदील लागला असेल, कॅरल म्हणणारी मुले रात्री उशिरा येऊन चहा पीत असतील, हे मनात आले की मी लगेच पाठांतर सुरू करायचे. पुण्याचे घड्याळ आमच्यापेक्षा साडेबारा तास पुढे होते. माझी २५ डिसेंबरची सकाळ उजाडली तेव्हा घरचा नाताळ संपत आला होता. स्काइपवर आईचा चेहरा दिसला आणि महिनाभर अडवलेले सगळे एकदम बाहेर आले. चाळीस मिनिटांतील पहिली पंधरा मी नुसती रडले. आज्जी मागे खुर्चीवर बसली होती. ‘जेवलीस का?’ एवढेच तिने विचारले आणि मी त्याचेही नीट उत्तर देऊ शकले नाही.

त्यानंतर आमच्या मिशनच्या अध्यक्षांच्या पत्नीने मला जवळ बसवून एकच काम दिले. रोज झोपण्यापूर्वी घरचे एक माणूस आठवायचे, त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची आणि ईमेलमध्ये त्याला ते कळवायचे. आठवण दाबण्याऐवजी तिला जागा करून द्यायची, हा तिचा सांगावा होता. याने माझे वर्ष बदलले. १ एप्रिल २०१८ ला बंगळुरूत मंदिर बांधण्याची घोषणा झाली, तेव्हा मी सगळ्यांत आधी आई-बाबांना लिहिले. तोवर मंदिरातील विधींसाठी भारतातील कुटुंबांना हाँगकाँग गाठावे लागे आणि त्या प्रवासासाठी बाबांनी वर्षानुवर्षे पैसे साठवलेले मी पाहिले होते.

दुसऱ्या नाताळातील एक संध्याकाळ मी विसरणार नाही. डिसेंबर २०१८ मध्ये फाटकाशी एक कुटुंब आले: नोकरीसाठी तेथे राहणारे तरुण जोडपे आणि साताऱ्याहून लेकाकडे आलेल्या त्याच्या आई. माझ्या पाटीखालचा तिरंगा पाहून त्या थांबल्या. “कुठली गं तू?” पुण्याची म्हटल्यावर त्यांनी हातमोज्यासकट माझा हात दोन्ही हातांत घेतला. धर्माचे काही ऐकायचे नाही, फक्त रोषणाई पाहायची आहे, असे मुलाने नम्रपणे सांगितले आणि मीही ते मनापासून मान्य केले. बाहेर काकू कुडकुडत होत्या, म्हणून आम्ही त्यांना टॅबरनॅकलमध्ये नेले. १८६७ मध्ये उपासनेसाठी खुल्या झालेल्या या सभागृहाचे छत उलट्या नावेसारखे घुमटदार आहे. तेथे पुढच्या चौथऱ्यावर टाचणी टाकली तर शेवटच्या रांगेत ऐकू येते आणि पाहुण्यांना आम्ही ते करून दाखवत असू. काकूंना मी मागे बसवले आणि कम्पॅनियनने पुढून टाचणी टाकली. “अगोबाई, टाचणी पडली तरी ऐकू येईल म्हणतात, ते हे!” त्या कितीतरी वेळ छताकडे पाहत राहिल्या.

बाहेर पडताना गोठ्याचा देखावा लागला. “हे बाळ असे गवतात का ठेवले आहे?” त्यांनीच विचारले. ती कथा मी त्या आवारात शेकडो वेळा सांगितली होती, पण इंग्रजीत. मराठीत सांगू लागले आणि शब्द आज्जीच्या तोंडचे आले: बाळंते, गव्हाणी, उतारशाळा. बायबलमधील लूकच्या दुसऱ्या अध्यायातील हे शब्द ती दर नाताळाला मोठ्याने वाचायची आणि आम्ही नातवंडे फराळाच्या डब्यांकडे पाहत ऐकायचो. उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवले, असे सांगितल्यावर काकू म्हणाल्या, “पहिलटकरीण होती ना? आणि जवळ आई नाही, सासू नाही.” मरियेकडे मी तोवर कधी तसे पाहिले नव्हते. निघताना त्यांनी पिशवीतून बेसनाचे दोन लाडू काढून आम्हा दोघींच्या हातावर ठेवले.

त्या वर्षी फोनपूर्वी काय बोलायचे ते मी कागदावर लिहून काढले आणि रडण्यासाठी फक्त दोन मिनिटे धरली. काकूंची गोष्ट सांगितली. मग आज्जीला म्हटले, की तू वाचायचीस तसेच मला सांगता आले, तुझेच शब्द आले. आज्जी खुर्ची ओढून पुढे आली, चष्मा लावला आणि काही न बोलता बायबल उघडून तो अध्याय वाचू लागली. पुण्यात रात्रीचे नऊ वाजले होते, आमच्या खिडकीबाहेर सकाळचा बर्फ पडत होता आणि टोंगाच्या मुलीच्या जागी आता आलेली ब्राझीलची माझी कम्पॅनियन, एक शब्दही कळत नसताना, मान खाली घालून ऐकत होती.

१५ फेब्रुवारी २०१९ रोजी नियम बदलला आणि मिशनरींना दर आठवड्याला घरी फोन करण्याची मुभा मिळाली. माझ्या परतीला थोडेच दिवस उरले होते, तरी पुढच्या ‘तयारीच्या दिवशी’, म्हणजे आठवड्याच्या मोकळ्या दिवशी, मी लगेच फोन लावला. ना नाताळ होता, ना मातृदिन. आईने घाबऱ्या आवाजात विचारले, “काय गं, काय झालं?” काही झाले नाही, सहजच केला, असे मी तिला तीनदा सांगितले, तेव्हा कुठे तिने आज्जीला हाक मारली.