उतारवयातले नेमधर्म

परवा दुपारी पूजासाहित्याच्या दुकानात लाखाची वात चक्क तयार, पाकिटात बांधलेली दिसली आणि आजीच्या वाती आठवल्या. कांदेनवमीला मनसोक्त भजी झाली की एकादशीपासून आमच्या घरातून कांदा-लसूण चार महिने हद्दपार होई आणि दुपारची झाकपाक आटोपून आजी भिंतीला टेकून वाती वळायला बसे. बोटांना राखेची चिमूट लावून ती कापसाचा पेळू असा ओढी की वात शेवटपर्यंत एकसारखी उतरे. मी नुसत्या जुड्या मोजायचो.

वय झाले की माणूस देवाधर्माला लागतो, असे आपण सहज म्हणून जातो. पुरुषांच्या बाबतीत ते बरेचसे खरे असावे, कारण आजोबांचा दासबोध पेन्शनीबरोबरच सुरू झाला. आजीचे मात्र उलटे झाले. सत्तरीनंतर सोवळे कपाटात गेले, गुडघ्यांमुळे पूजा खुर्चीवर आली, आणि सकाळच्या गोळीसाठी आधी पोहे खाऊन मग ती देवापुढे बसू लागली. ‘देव काही मला उपाशी बघायला बसलेला नाही,’ एवढेच तिचे स्पष्टीकरण. पंढरपूरलाही पदस्पर्शाच्या रांगेचा हट्ट सोडून मुखदर्शनावर समाधान मानून ती बाहेर पडे.

व्रते ही मागणाऱ्यांची असतात, अशी माझी समजूत आहे: सोळा सोमवार लग्नासाठी, मंगळागौर लग्नानंतरची पाच वर्षे, संकष्टी मुलाच्या परीक्षेसाठी. मागण्या संपल्या की नेम आपोआप गळतात. पण आजीचे सगळेच नेम असे गळले नव्हते. आजोबा गेले त्या वर्षापासून वडाची पूजा थांबली, सवाष्ण म्हणून जेवायची बोलावणी थांबली, आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ती स्वयंपाकघरात आंब्याची डाळ वाटत, पन्ह्याचे पेले भरत राहिली. बाहेर बायकांत येऊन बसली नाही. कोणी तिला बस म्हटलेही नाही.

2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आजीला जाऊन बरीच वर्षे झाली होती. ती असती तरी ठरावाची बातमी वाचून हळदीकुंकवाला जाऊन बसली असती असे मला वाटत नाही, पण न बसणे निदान तिच्या मर्जीचे झाले असते.