डाव्या पायात स्टील, उजव्या पायात नमदा

इंदूरच्या सियागंजात आमचं सेफ्टी शूजचं दुकान आहे. बूट, हेल्मेट, हातमोजे, चष्मे. माल जातो पिथमपूरला आणि सांवेर रोडच्या कारखान्यांना. घरगुती गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच. त्यामुळे गेल्या वर्षी दसरा झाल्यावर एका दुपारी एक बाई मुलाला घेऊन काउंटरपाशी उभ्या राहिल्या, तेव्हा मला वाटलं पत्ता विचारायला आल्या असतील.

"भाऊ, बर्फात उभं राहायचे बूट मिळतील का?"

बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं आणि मी पंख्याखाली बसून घाम पुसत होतो. पलीकडच्या हार्डवेअरवाल्याने "वो मराठी हैं, समझ जाएँगे" म्हणून त्यांना माझ्याकडे धाडलं होतं. रामबागेतली मंडळी. मग चहा मागवणं आलंच.

मुलगा कॅनडात शिकतो. सुट्टीला घरी आला होता. तिकडे डिसेंबरपासून शनिवार-रविवार एका डोंगरावर स्की लिफ्ट चालवायचं काम त्याला मिळालं होतं. त्याच्या आईला आधी वाटलं, पोरगा कुठल्या तरी इमारतीत लिफ्टमन होणार. "एवढी फी भरून लिफ्टमन?" हे त्या माझ्यासमोरही एकदा म्हणाल्याच.

मुलाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. तारेच्या जाड दोराला टांगलेल्या खुर्च्या न थांबता गोल फिरतायत. माणसं पायाला स्की बांधून रांगेत सरकतात, खुर्ची मागून येते, बसतात आणि वर जातात. लिफ्टवाल्याने येणारी खुर्ची हाताने धरून जरा अडवायची, म्हणजे ती कुणाच्या गुडघ्यामागे आदळत नाही. लहान पोरांना उचलून बसवायचं. कुणी पडलं की बटण दाबून लिफ्ट थांबवायची. आणि मधल्या वेळात फावड्याने बसायच्या जागेचा बर्फ सारखा करत राहायचं.

मला हे बघताना कन्व्हेयरच आठवला, आणि ते फारसं चुकीचंही नव्हतं. पहिली चेअरलिफ्ट 1936 साली अमेरिकेत सन व्हॅलीला सुरू झाली. ती ज्या रेल्वे इंजिनिअरने काढली, त्या जेम्स करनने आधी जहाजावर केळीचे घड चढवायच्या आकड्यांच्या यंत्रावर काम केलं होतं. आकड्याला घडाऐवजी खुर्ची लावली, झालं. बऱ्हाणपूरची केळी ट्रकमध्ये भरताना आम्ही आयुष्यभर बघतो, आमच्या डोक्यात काही आलं नाही.

असो. मी लगेच माझा सगळ्यात भारी बूट काढला. बोटांवर स्टीलची वाटी बसवलेला टो, 200 जूलचा. म्हणजे वीस किलोचं वजन साधारण एक मीटरवरून बोटांवर पडलं तरी बोटं शाबूत. जाड चामडं, घोट्यापर्यंत. "आठ नंबर ना? आत दोन मोजे घाल, बर्फाचा बाप आला तरी काही होणार नाही," असं मी ठणकावून सांगितलं. बावीस वर्षं हाच धंदा करतोय, सवय असते ठणकावून बोलायची.

मुलाने बूट घातला आणि सरळ विचारलं, "काका, तुम्ही हा घालून थंडीत उभे राहिला आहात का?"

नव्हतो राहिलो. इंदूरची थंडी ती केवढी! सकाळी पोहे-जलेबी खाताना जरा हात चोळले की संपली.

त्याच्या प्रश्नाने मी चिडलो असतो, पण तेवढ्यात सांवेर रोडच्या एका आइस्क्रीम कारखान्याची आठवण झाली. सहा वर्षं तिथे बूट पुरवतोय. त्यांच्या कोल्डरूमचं तापमान उणे 20. सुपरवायझरला फोन लावला. तो आधी हसला, मग म्हणाला, "आ जाओ भिया, चार बजे लोडिंग नहीं है." आई म्हणाल्या, मीही येते. तिघं माझ्या व्हॅनमधून निघालो. दुकान नोकरावर टाकून असा मी त्याआधी कधी गेलो नव्हतो.

कोल्डरूमच्या दारात जो लोडर भेटला त्याला सगळे उस्ताद म्हणतात. सुपरवायझरची अट होती की उस्ताद सांगेल तेव्हा बाहेर यायचं. उस्तादने आमच्या पायांकडे पाहिलं आणि मान हलवली. त्याच्या स्वतःच्या पायात साधे काळे गमबूट, दोन नंबर मोठे, आत नमद्याचा, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीचा, जाड तुकडा कापून बसवलेला. हे माझ्याकडचे नव्हते. माझ्याकडून गेलेले बूट तिथे रॅकवर डब्यासकट पडलेले दिसले.

मी विचार केला, आलोच आहोत तर नीट बघू. मुलाच्या डाव्या पायात माझा स्टील टो, आठ नंबर, आत दोन सुती मोजे. उजव्या पायात उस्तादचा जादा गमबूट, नमदा घातलेला, एकच लोकरी मोजा. मीही तसाच नटलो. कारखान्याची जाड जॅकेटं चढवली. आई दाराच्या काचेतून बघत होत्या. आमचा अवतार बघून त्या जे हसल्या, ते आतूनही दिसत होतं.

पहिली पाच मिनिटं काहीच नाही. मी तर मुलाला डोळा मारला. सातव्या-आठव्या मिनिटाला डाव्या पायाच्या बोटांना टाचण्या टोचायला लागल्या. बाराव्या मिनिटाला टाचण्याही थांबल्या. ते जास्त वाईट, कारण बोटं आहेत की नाहीत तेच कळेना. हलवायला गेलो तर दोन मोज्यांनी पाय असा ठासून बसलेला की हलायला जागाच नाही. वर ती लोखंडी वाटी. माझ्या बूटाची जी गोष्ट मी बावीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो, तीच आता बोटांवर बर्फाच्या टोपीसारखी बसली होती. पीव्हीसीचा सोल लाकडासारखा कडक झालेला. उजवा पाय गार होता, पण माझा होता.

उस्ताद दुरून ओरडला, "जूते में हवा रहने दो भिया, हवा ही तो रजाई है!"

गोधडीत काय असतं, हे आमच्या आजीलाही माहीत होतं. मी मात्र पायाच्या बाबतीत कधी तो विचारच केला नव्हता. मोजे दुप्पट केले की ऊब दुप्पट, असं वाटायचं. प्रत्यक्षात बूट घट्ट झाला की आतली हवा जाते आणि रक्तही नीट फिरत नाही.

बाहेर येऊन पाय चोळले, चहा प्यायलो आणि दुसऱ्यांदा आत गेलो. या वेळी उस्तादने मुलाला फरशीवरून उचलून लाकडी पॅलेटवर उभं केलं. मी मुद्दाम फरशीवर राहिलो. दहा मिनिटांत फरक कळला. थंडी वरून येते असं आपण धरून चालतो, अंगावर कपडे चढवतो. उभ्या माणसाला ती खालून खाते. जेवायला आपण पाटावर बसतो ते उगाच नाही, असं बाहेरून आई म्हणाल्या. त्या दारातून काय ऐकत होत्या कोण जाणे.

मग उस्तादने त्याला कामालाच लावलं. रिकामे क्रेट या भिंतीकडून त्या भिंतीकडे. दहा मिनिटांत पोराला घाम. "अब खड़ा रह." तो उभा राहिला आणि तीन-चार मिनिटांत दात वाजायला लागले. आत सुती बनियान होतं, ओलं झालेलं. पाणी हवेच्या साधारण पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब खेचून नेतं, हे मुलगाच म्हणाला, त्याच्या पुस्तकात होतं म्हणे. पुस्तकात असूनही बनियान सुतीच! उस्ताद स्वतः क्रेट उचलताना जॅकेटची चेन खाली ओढतो आणि थांबला की लगेच वर. दिवसातून शंभर वेळा तरी करत असेल. फावडं मारायचं आणि मग उभं राहायचं, लिफ्टवाल्याचं कामही नेमकं तसंच.

बाहेर आलो तेव्हा आईंनी पिशवीतून एक डझन नवी सुती बनियानं काढून बाजूला ठेवली. काही बोलल्या नाहीत. पिशवीत अजून एक वस्तू होती. हाताने विणलेला मफलर, चांगला सहा फुटी, लाल.

इथे मात्र मला कुणाला विचारायची गरज नव्हती. फिरत्या यंत्रापाशी मफलर, ओढणी, लोंबती नाडी, मोकळे केस, काहीही चालत नाही. खुर्चीत किंवा मोठ्या चाकात टोक अडकलं तर यंत्र थांबेपर्यंत वेळ नसतो. मी हे शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनीच विचारलं, "गळ्यात नुसता घालायचा, टोक नसलेला, असा चालेल?" चालेल. लोकर तीच, नळीसारखं विणायचं, डोक्यातून घालायचं, थंडी वाढली की नाकापर्यंत ओढायचं. त्या व्हॅनमध्ये बसल्या बसल्याच मफलर उसवायला लागल्या. राजवाडा येईपर्यंत मांडीवर लाल लोकरीचा गुंडा.

दुकानात परत येऊन हिशेब मांडला. जॅकेट आणि पँट त्याला तिकडूनच मिळणार होती, तसं त्याच्या नोकरीच्या पत्रात होतं. अंगालगतचे थर्मल लोकरी किंवा पॉलिस्टरचे, सुती अजिबात नाहीत, दोन जोड. त्यावर फ्लीस. ते इथल्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडे चांगलं मिळतं. मोजे लोकरी, जाड, एका वेळी एकच, आणि खिशात कोरडा जादा जोड.

बूट? माझ्याकडच्या काही परदेशी बनावटीच्या बूटांवर सीआय असा शिक्का असतो. सोल थंडी अडवतो की नाही त्याची ती खूण. परीक्षा अशी असते की बूट उणे 17 अंशांत अर्धा तास ठेवायचा, आतलं तापमान दहा अंशांहून जास्त उतरता कामा नये. तो जोड त्याच्या मापात होताही. पण अर्धा तास म्हणजे अर्धा तास. हा पोरगा आठ तास उभा राहणार. मी म्हटलं, "बूट इथून घेऊ नकोस. तिकडे आतलं फेल्टचं अस्तर बाहेर काढता येतं असे बर्फाचे बूट मिळतात. रात्री अस्तर हीटरजवळ वाळतं. संध्याकाळी जा, पाय जरा सुजलेले असतात. लोकरी मोजा घालून माप घे आणि आत बोटं हलवता आली पाहिजेत."

आईंना ते पटलं नाही. "तिकडे सगळं डॉलरमध्ये हो, भाऊ." खरं होतं. पण डावा पाय अजून बधिर असताना मला तो बूट विकवेना. त्या दिवशी विक्री काय, तर चामड्याचे सैल हातमोजे दोन जोड, एक वापरात आणि एक वाळत, आणि एक काळा गॉगल. ताजा बर्फ उन्हातले अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे पारदर्शक चष्म्याने भागत नाही. पैसे द्यायला आल्या तेव्हा मी गॉगलचे घेतले नाहीत. व्हॅनच्या डिझेलचं विचारलं, तेही नाही.

जानेवारीत मुलाचा फोटो आला. गळ्यात लाल नळी, डोक्यावर माकडटोपीसारखं काहीतरी, हातात फावडं. पायाखाली रबराची जाड चटई. खाली लिहिलं होतं, "काका, पाट मिळाला."

तो फोटो घेऊन मी सांवेर रोडला गेलो. उस्तादला दाखवला. मग रॅकवरच्या माझ्या डब्यांकडे बोट करून विचारलं, हे कुणीच का नाही घातले? सहा वर्षं पुरवठा, पण ते आत कसे वागतात हे बघायला मी एकदाही दार ओलांडलं नव्हतं. उस्ताद म्हणाला, घातले होते, पहिल्या हिवाळ्यात एकाच्या बोटांना सूज आली, मग नको म्हटलं. मालकाला सांगितलं का? तो नुसता हसला.

मालकाशी मी बोललो. सीआय शिक्क्याचे, स्टीलऐवजी फायबरचा टो असलेले बूट, जोडी महाग पडते. आठ माणसं आहेत, त्याने चार जोड्या घेतल्या, पाळीपाळीने वापरा म्हणून. बाकीच्या चारांसाठी अजून घासाघीस चालू आहे.

माप घ्यायला गेलो तेव्हा उस्तादचा पाय पट्टीवर आठ भरला. मी आठ लिहायला लागलो, तर त्याने माझ्या हातातलं पेन धरलं.

"दस लिखो भिया."